ऑपरेशन झालं, तरी ब्रूनोला दिसत नाही. दाद कुठे मागायची?

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर ब्रूनो आठ वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वीपासून तो अंधारात जिन्यावर अडखळायचा. मग डोळे पांढरे झाले. पुण्यातल्या एका दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, पण त्याला काहीच दिसत नाही. पोलिसांत जाऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आधी ब्रूनोच्या डोळ्यांचा दाब तपासून घ्या. ऑपरेशननंतर तो वाढू शकतो आणि फार दुखतं. दावा नंतरही करता येईल.

पोलिसांत जाऊ नका. ऑपरेशन यशस्वी झालं नाही, एवढ्यावर हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते अंधारात अडखळणं. लॅब्राडॉरमध्ये डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मोतीबिंदू मागाहून येतो. पडदाच गेला असेल तर ऑपरेशनने दृष्टी येत नाही. म्हणून आधी ‘ईआरजी’ तपासणीने पडदा काम करतो का, ते बघतात. ही सोय सगळीकडे नसते, हे मान्य. पण मग तसं तुम्हाला सांगायला हवं होतं.

तेव्हा केसपेपर, बिलं आणि सही केलेलं संमतीपत्र यांच्या प्रती लेखी मागा. अडखळण्याची नोंद आहे का? पडद्याची तपासणी झाली का? दृष्टी न येण्याची शक्यता लिहिली आहे का? मग दुसऱ्या नेत्रतज्ज्ञ पशुवैद्यांचं लेखी मत घ्या. ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं पांढरं झालेलं भिंग काढल्यामुळे आता पडदा बहुधा थेट दिसेल. तो जुन्या आजाराने झिजलेला असेल, तर तुमची बाजू भक्कम होते. ऑपरेशननंतर जागेवरून सुटला असेल, तर ती ज्ञात गुंतागुंत आहे आणि दावा अवघड होईल. हे मत हाती येईपर्यंत फेसबुकवर डॉक्टरांचं नाव टाकू नका. अब्रुनुकसानीची फिर्याद तुमच्यावरच व्हायची.

मत अनुकूल आलं तर नोटीस पाठवा. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रार करा. पैसे घेऊन दिलेली पशुवैद्यकीय सेवा त्यात येते. दवाखाना पुण्यात असला तरी तुम्ही राहता त्या साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची आहे. खर्चाबरोबर मनस्तापाची भरपाईही मागा. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे वेगळी करता येते, पण भरपाई तिथे मिळत नाही.