जस्त कोणाचं झिजतंय?

प्रश्न : ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी एक जुनी शिडाची बोट घेतली. फायबरची, साडेनऊ मीटरची. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर जस्ताची कडी बसवतो. पहिल्या वर्षी ती अकरा महिने टिकली. मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, जागा बदलल्यापासून मात्र चार महिन्यांत तिचा चुरा होतो. शेजारी अ‍ॅल्युमिनियमची मोठी बोट आहे. ती कायम धक्क्यावरच्या विजेला जोडलेली असते आणि आमचीही. तिचा याच्याशी काही संबंध असेल का? शेजाऱ्यांना कसं बोलावं?

उत्तर : संबंध असू शकतो. पण बोलायला जाण्याआधी हे वाचा. मी न वाचता, न बघता गेले होते आणि नंतर महिनाभर त्या गृहस्थांना चुकवत धक्क्याच्या दुसऱ्या टोकाने ये-जा करत होते.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू बुडवून तारेने जोडले की बॅटरी तयार होते. त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. जस्त आपण बसवतो ते याचसाठी : त्याने झिजावं आणि काशाचा पंखा राहावा. हे एका बोटीपुरतं झालं. दोन बोटींना जोडणारी तार कुठली? विजेच्या केबलीतली अर्थिंगची तार. तुमची आणि त्यांची, दोन्ही धक्क्यावरच्या खांबात एकत्र येतात. पाणी तर दोघांचं एकच. त्यांच्या बोटीचे स्वतःचे जस्ताचे ठोकळे संपले असतील, तर तुमची एवढीशी कडी त्यांचा सगळा तळ सांभाळत बसलेली असणार.

खात्री करणं अवघड नाही. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ-इलेक्ट्रोड (ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजायचं ती कांडी) मिळतो. तो पाण्यात सोडा, मल्टिमीटरची एक पिन त्याला आणि दुसरी पंख्याच्या दांड्याला लावा. आकडा लिहून घ्या. मग केबल उपसून पुन्हा बघा. आकडा लक्षात येण्याइतका बदलला, तर जस्त केबलीतून जातंय. जागचा हलला नाही, तर दोष स्वतःच्या बोटीत शोधा. बहुतेक वेळा तळातल्या पाण्यात लोंबणारी एखादी वायर सापडते.

केबलीतून जात असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या. ही डायोडची पेटी अर्थिंगच्या तारेत बसते. साधारण सव्वा व्होल्टपर्यंतचा हा चोरटा प्रवाह ती अडवते, पण खरा शॉर्ट झाला तर जाऊ देते. काही दीडशहाणे अर्थिंगची तारच कापून टाकतात. जस्त वाचतं खरं, पण एखाद्या दिवशी माणूस जातो. तसलं काही करू नका. बोटीवर सोलर पॅनल असेल तर आणखी सोपं : आपण नसताना केबल काढूनच ठेवायची.

आता माझी गोष्ट. बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा पंखा गुलाबी पडलेला दिसला. पितळेची भांडी घासणाऱ्या कोणालाही तो रंग खटकला असता. हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. चांगला पंखा घंटेसारखा वाजतो. हा बद्द बोलला, तडा गेलेल्या मडक्यासारखा. मिश्रधातूतलं जस्त निघून गेलं होतं आणि उरलं होतं भुसभुशीत तांबं. मी तडक शेजाऱ्यांच्या बोटीवर जाऊन नको ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग खाली उतरले, माझ्या बोटीखाली वाकले आणि विचारलं, ‘‘हे जस्त इतकं नवंकोरं कसं?’’ ते नवंकोरं होतं, कारण मीच तळाला रंग देताना हौसेने त्यावरही निळा हात फिरवला होता. रंगाखालचं जस्त काम करत नाही. म्हणजे केबल जोडलेली असायची तेव्हा माझ्या पंख्यासाठी त्यांचं जस्त झिजत होतं, आणि ते केबल काढून सफरीला गेले की माझा पंखा उघडा पडत होता.

म्हणून जस्त झिजतंय याबद्दल फार चिडू नका. निम्मं झालं की बदला. न झिजणारं दिसलं तर घाबरा.

जाता जाता : ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची. १८२४ मध्ये त्यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे लावून पाहिले. तांबं झिजायचं थांबलं आणि तळावर शेवाळ, शिंपल्यांचं रान माजलं. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणून तर ते जीव लांब राहत होते! काही वर्षांतच ते तुकडे काढून टाकावे लागले. बिचाऱ्यांचं शास्त्र बरोबर होतं.

प्रश्न : आम्ही नसताना बाजूच्या बोटवाल्यांनी आमचे दोर सोडून परत बांधले. वर म्हणतात, ‘वारा होता.’ हा आगाऊपणा नाही का?

उत्तर : नाही. जाऊन आभार माना. नंतर आपले दोर नीट बघा, विशेषतः क्लीटशी (दोर गुंडाळायच्या खुंटीशी) आणि काठाशी घासतात तिथे. तंतू पिंजारलेले दिसतील. तेवढ्या भागावर जुन्या पाइपाचा तुकडा चढवा. आणि डोलकाठीवर रात्रभर टणटण आपटणारा शिडाचा दोर तुमचा तर नव्हे ना, तेही बघा. तो काठीपासून दूर ओढून बांधायला सुतळीचा एक तुकडा पुरतो, पण तो न बांधल्याने सगळ्या रांगेची झोप जाते.

बांधलेल्या बोटीही बुडतात. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. आमच्या बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप दर चार मिनिटांनी पाणी थुंकतोय, हे समोरच्या आजोबांनी चहा पिता पिता घड्याळ लावून मोजलं आणि फोन केला. एक पाइप क्लॅम्पमधून निसटत होता. बोटीची चावी तेव्हापासून त्यांच्याकडेच असते.

प्रश्न : मुलं मरीनात पोहायचा हट्ट धरतात. पाणी स्वच्छ आहे.

उत्तर : नाही म्हणजे नाही. वरच्या पहिल्या प्रश्नातली वीज इथे जीव घेते. एखाद्या बोटीची वायर बिघडलेली असली की घरगुती वीज पाण्यात उतरते. अंग आखडतं, हात-पाय हलत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस दमून बुडाला. गोड्या पाण्यात धोका जास्त, कारण त्यापेक्षा आपलं शरीर विजेला जवळचं वाटतं. कोणी पडलंच तर मागोमाग उडी टाकू नका. धक्क्याचा मेन स्विच बंद करा, तरंगतं कडं फेका. तो स्विच कुठे आहे हे आजच बघून ठेवा. आमचा पाइपांच्या ढिगामागे होता.