'द डचेस' चित्रपटातली जॉर्जियाना मुलांना घेऊन घर सोडून का जात नाही?

तुम्ही विचारलंय, की नवरा, म्हणजे डेव्हनशायरचा ड्यूक, तिच्याच मैत्रिणीशी संबंध ठेवून तिला घरातच ठेवून घेतो, जॉर्जियानाला मात्र जबरदस्ती सोसावी लागते, तरी ती आपल्या प्रियकराला, तरुण राजकारणी चार्ल्स ग्रेला सोडून त्याच घरात परत येते, ती इतकी दुबळी का दाखवलीय? मला ती दुबळी अजिबात वाटत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मुलांना घेऊन जायची वाटच तिला कायद्याने ठेवलेली नव्हती.

याचं उत्तर चित्रपटात आहे, पण ते त्याच मैत्रिणीच्या, बेस फॉस्टरच्या तोंडी आहे आणि आपण तोवर बेसवर इतके चिडलेले असतो की तिचं ऐकतच नाही. बेसला नवऱ्याने मारहाण करून घराबाहेर काढलंय आणि मुलं स्वतःकडे ठेवून घेतलीत. ड्यूकशी संबंध का ठेवला, असं जॉर्जियाना विचारते तेव्हा बेस सांगते की माझी मुलं मला परत मिळवून देईल असा हा एकच माणूस आहे. आणि खरोखर ती मुलं परत येतात! म्हणजे नवऱ्याचं घर सुटलेल्या आईचं काय होतं, हे जॉर्जियानाने रोज जेवणाच्या टेबलावर समोर बघितलंय. पुढे ड्यूक जॉर्जियानाला मुलं तोडायची धमकी देतो, तेव्हा ती धमकी पोकळ नाही हे तिला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये मुलांवर हक्क बापाचा. ताब्यासाठी निदान अर्ज करता येण्याची मुभा आईला १८३९च्या कायद्याने मिळाली, तीही सात वर्षांखालच्या मुलांपुरती आणि व्यभिचाराचा ठपका नसेल तरच. पुनर्विवाह करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. १८५७पर्यंत अवघ्या चार स्त्रियांना तो मिळाला आणि त्यातली पहिली १८०१ची. उलट नवरा बायकोच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा ठोकू शकत असे. ग्रेचं राजकारण तिथेच संपलं असतं. (नांदायला येत नाही म्हणून बायकोला कोर्टात खेचण्याची तरतूदही इंग्लंडच्या याच वैवाहिक कायद्यातून आपल्याकडे आली. मुंबईत रखमाबाईंवर खटला झाला तो त्याच आधारावर, आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल लागला.)

खरी जॉर्जियाना १७७४ मध्ये, सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर डेव्हनशायरच्या ड्यूकची बायको झाली. मुली झाल्या १७८३ आणि १७८५ मध्ये, मुलगा थेट १७९० मध्ये. वारसाची वाट बघण्यात सोळा वर्षं गेली. नंतर ग्रेपासून दिवस गेले तेव्हा तिला फ्रान्सला पाठवण्यात आलं. १७९२ मध्ये एलायझा जन्मली, तिला ग्रेच्या आईवडिलांनी वाढवलं, आणि जॉर्जियाना आपल्या तीन मुलांना भेटली ती १७९३ मध्ये परतल्यावर. मुलगा तर तिला ओळखतही नव्हता. चित्रपटाने हा काळ फार भरकन उरकलाय, पण माळरानावर ती तान्ही मुलगी दुसऱ्याच्या हातात देते तो प्रसंग किएरा नाइटलीने असा केलाय की मला तो बघवत नाही.

राल्फ फाइन्सचा ड्यूक मला फार महत्त्वाचा वाटतो. तो खलनायकासारखा ओरडत फिरत नाही. पहिल्या रात्री कात्रीने तिचे कपडे कापताना बायकांचे कपडे इतके गुंतागुंतीचे का असतात, असं तो खरंच कुतूहलाने विचारतो. आपण काही अन्याय करतोय हे त्याला कळतच नाही, कारण कायदा, रीत, सासूबाईसुद्धा त्याच्याच बाजूला आहेत. जॉर्जियानाची आईच लेकीला परत जा म्हणते.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. ग्रे तिचा लग्नाआधीचा ओळखीचा दाखवलाय. प्रत्यक्षात त्याचा जन्म १७६४चा, तिच्या लग्नात तो दहा वर्षांचा पोरगा होता. प्रेमकथा गोड व्हावी म्हणून केलेला हा बदल मला पटत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे तिचा जुगार निव्वळ करमणूक म्हणून दाखवलाय. खऱ्या जॉर्जियानावर जुगाराचं प्रचंड कर्ज होतं, नवऱ्याला खरा आकडा सांगायची तिला आयुष्यभर धास्ती होती. हे कर्ज दाखवलं असतं तर तुमचा प्रश्न बहुधा पडलाच नसता. एकीकडे मुलं, दुसरीकडे सावकार, आणि दोन्हीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे. अशी बाई जाणार कुठे?

ती १८०६ मध्ये वारली आणि १८०९ मध्ये ड्यूकने बेसशी लग्न केलं. ग्रे पुढे १८३० मध्ये पंतप्रधान झाला.

चित्रपट ज्यावर आधारलाय ते अमँडा फोरमन यांनी लिहिलेलं चरित्र मिळालं तर जरूर वाचा. त्यातली कर्जाची प्रकरणं आणि लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघाच्या १७८४च्या निवडणुकीतला तिचा प्रचार, एवढं वाचलंत तरी पडद्यावर न आलेली अर्धी जॉर्जियाना तुम्हाला भेटेल.