सांडलेली गिट्टी, घसरलेली दुचाकी आणि भरपाईचा हक्क

प्रश्न : आमचे गाव वणी परिसरात आहे. माझे थोरले भाऊ आठवडी बाजार करून सायंकाळी दुचाकीने परत येत असताना वळणावर सांडलेल्या गिट्टीवरून गाडी घसरली आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. थोड्याच वेळापूर्वी ताडपत्री न बांधलेला एक भरलेला टिप्पर तेथून गेल्याचे शेतातील मजुरांनी पाहिले, परंतु नंबर कोणी टिपला नाही. ठाण्यात "गाडी स्वतःहून घसरली" अशी नोंद झाली. ट्रकची धडकच झाली नसल्याने भरपाई मिळणार नाही, असे एक विमा एजंट सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : एजंटांचे म्हणणे चुकीचे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 भरपाईसाठी धडकेची अट घालत नाही. अपघात वाहनाच्या वापरातून उद्भवलेला असावा, एवढेच तो म्हणतो. या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात व्यापक लावला. महामार्गावर पहाटे ट्रकच्या धडकेने कलंडलेल्या टँकरमधून पेट्रोल गळत राहिले, सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि पेट्रोल गोळा करायला जमलेली माणसे दगावली. टँकर उभा होता तरीही हे मृत्यू वाहनाच्या वापरातूनच उद्भवले, असे न्यायालयाने मानले. चालत्या टिप्परमधून पडलेल्या गिट्टीचा संबंध तर याहून जवळचा आहे. आपल्या प्रकरणात खरी अडचण कायद्याची नसून पुराव्याची आहे : ती गिट्टी त्याच टिप्परमधून पडली आणि तो टिप्पर कोणाचा, हे दाखवावे लागेल.

म्हणून पहिले काम म्हणजे ठाण्यातील नोंद दुरुस्त करून घेणे. मजुरांची नावे, अंदाजे वेळ, टिप्परची दिशा आणि गिट्टीची छायाचित्रे जोडून लेखी फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेची निष्काळजीपणे वाहन चालवण्यासंबंधीचे कलम 281, जबर दुखापतीसंबंधीचे कलम 125 आणि सार्वजनिक रस्त्यावर धोका निर्माण करण्यासंबंधीचे कलम 285 येथे लागू शकतात. ठाणेदारांनी गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. टिप्परचा माग काढणे वाटते तितके कठीण नसते. गौण खनिज (गिट्टी, वाळू, मुरूम इत्यादी) नेणाऱ्या वाहनाला वाहतूक पास लागतो, वजनकाट्यावर पावती फाटते आणि काटा, पेट्रोल पंप, ढाबा अशा ठिकाणी बहुधा कॅमेरे असतात. मात्र हे चित्रण फार दिवस जपले जात नाही, त्यामुळे ते ताब्यात घेण्याची विनंती फिर्यादीतच करावी.

टिप्पर सापडल्यास चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. अपघात जेथे झाला किंवा भाऊ जेथे राहतात, तेथील न्यायाधिकरणात तो चालतो. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा येथे लागत नाही, अधिक संभाव्य काय हे पाहिले जाते. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तेव्हा पायाला प्लास्टर असले तरी कागदपत्रे थांबवू नयेत. कलम 164 खाली चूक सिद्ध न करताही जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात, आणि हाड मोडणे ही जबर दुखापतच आहे. परंतु ती रक्कम स्वीकारली की कलम 166 चा दावा संपुष्टात येतो. शेतीवर पोट असलेल्या माणसाचा पाय कायमचा अधू होणार असेल, तर घाईने सही करणे मला योग्य वाटत नाही.

टिप्पर सापडलाच नाही, तर कलम 161 ची योजना आहे. अज्ञात वाहनामुळे जबर दुखापत झाल्यास 50,000 आणि मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुक्यातील महसूल अधिकाऱ्यांकडे करावयाचा असून मंजुरी जिल्हा पातळीवर होते. रक्कम तुटपुंजी आहे, यात वाद नाही. गुन्हा नोंदवल्यापासून महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर या योजनेची माहिती जखमीला लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये पोलिसांना बजावले आहे. ते पत्र ठाण्यातून मागून घ्यावे.

प्रश्न : माझा स्वतःचा टिप्पर आहे. माल क्रशरवाले (दगड फोडून गिट्टी करणारे) भरतात, फाळकाही (मागची झडप) त्यांचीच माणसे लावतात. दगड पडून कोणी जखमी झाले, तर जबाबदार कोण?

उत्तर : प्रथम आपण. माल कोणी भरला हे जखमी माणसाने शोधत बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही. फाळका नीट लागला नसताना वाहन रस्त्यावर नेणे ही आपल्या चालकाची चूक ठरते आणि चालकाच्या चुकीचा भार मालकावर येतो. क्रशरवाल्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर जबाबदारी संयुक्त होते, तरी जखमी व्यक्ती संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते. त्रयस्थ विमा (वाहनामुळे इतरांच्या झालेल्या हानीचा विमा) चालू असल्यास कंपनी भरपाई देते, मात्र वाहनाला परमिट नसेल तर ती रक्कम आधी जखमीला देऊन नंतर आपल्याकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड वेगळा. क्रशरवर निघण्यापूर्वी फाळका व ताडपत्री तपासल्याची सही चालकाकडून आणि भरणाऱ्याकडून पावतीवर घेत जा. क्रशरवाल्यांकडून भरपाईतील त्यांचा वाटा मागण्याची वेळ आली, तर हाच कागद कामी येईल.