‘ताई म्हणू की दादा?’

नोंदणीच्या खिडकीवरचे लिपिक, सिस्टर, वॉर्डबॉय, रेशन कार्यालयातले कर्मचारी यांच्याकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. शब्द इकडचे तिकडे होतात, काळजी तीच असते. “आमच्या मनात वाईट काही नाही हो. पण समोर तृतीयपंथी व्यक्ती आली की काय बोलावं तेच सुचत नाही. तोंडातून भलतंच निघालं तर?” काळजी खरी असते, म्हणून तिला उत्तरही कामाचं मिळायला हवं. एका लिपिकाबरोबर झालेल्या बोलण्यातला काही भाग इथे देते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ते एका सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायचे. तक्रार नव्हती, मेमो नव्हता, पण एक प्रसंग डोक्यातून जात नव्हता. साडी नेसलेली एक व्यक्ती हाताला फडकं गुंडाळून खिडकीशी आली. आधार कार्डावर पुरुषाचं नाव होतं. यांनी ते मोठ्यानं वाचलं, रांगेत हशा झाला आणि ती व्यक्ती केसपेपर न घेताच निघून गेली. खिडकीच्या कट्ट्यावर रक्ताचे दोन थेंब पडले होते. ते यांनीच पुसले.

“कार्डावर होतं तेच वाचलं, मॅडम. माझं काय चुकलं?”

दोन भेटी या प्रश्नाभोवतीच गेल्या. मी उत्तर दिलं नाही. चूक दुसऱ्यानं दाखवली की माणूस आपली बाजू मांडत बसतो, स्वतःला दिसली की थांबतो. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, “त्या दिवशी बोललात ती वाक्यं जशीच्या तशी सांगा. अर्थ नको, शब्द.”

त्यांनी आठवून सांगितलं. “काय झालंय तुला? कार्ड दाखव. हे तुझंच नाव ना?”

“त्यांच्या आधी रांगेत कोण होतं?”

“एक सर होते. पायाला प्लॅस्टर.”

“त्यांना काय म्हणालात?”

“कार्ड दाखवा म्ह...” वाक्य तिथेच अडलं. बराच वेळ ते टेबलाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मी तिला पहिल्या शब्दापासूनच ‘तू’ म्हणत होतो.”

अशा वेळी मी मध्ये बोलत नाही. त्या शांततेत माणसाचं जे काम होतं, ते माझ्या कुठल्याही वाक्यानं होत नाही. माझ्याही मनात तेव्हाच एक गोष्ट लख्ख झाली. ‘ताई की दादा’ हा प्रश्न बहुतेकदा दुसराच असतो. ज्याला आपण सहज ‘तुम्ही’ म्हणतो, त्याच्यापुढे हा पेच फारसा उभाच राहत नाही, कारण मराठीनं त्याची सोय आधीच करून ठेवली आहे.

ती सोय नीट बघा. ‘तू कुठून आलास’ की ‘आलीस’, इथे निवड करावी लागते. ‘तुम्ही कुठून आलात’ म्हटलं की निवडच उरत नाही. कुठे राहता, काय होतंय, औषध घेतलंत का, बसा, हे सगळं कोणालाही चालतं. अडतं ते मोजक्या ठिकाणी. ‘एकटे आलात का’ की ‘एकट्या’? त्याऐवजी ‘सोबत कोणी आहे का’ विचारा. सहकाऱ्याला सांगताना ‘ते आलेत’ की ‘त्या आल्यात’ असा घोळ होतो. ‘यांचा एक्स-रे काढायचाय’, ‘यांना आत घ्या’ म्हटलं की काम होतं. ही वाक्यं आम्ही समोरासमोर बसून वीस-पंचवीस वेळा म्हटली. मनापासून वाटेल तेव्हा वागणं बदलेल, अशी वाट मी बघायला लावत नाही. जीभ आधी वळते, मन मागून येतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि माहीत करून घ्यायचंच असेल, तर विचारावं. मात्र रांगेला ऐकू जाईल असं नाही. “हाक कोणत्या नावानं मारू?” एवढंच, हळू आवाजात; नाहीतर चिठ्ठी आणि पेन पुढे करावं. रेकॉर्डवरचं नाव परस्पर बदलू नये. आधार, योजनेचं कार्ड आणि तपासणीचे अहवाल यांचा मेळ बसला नाही तर त्रास रुग्णालाच होतो. हाक मारायचं नाव केसपेपरच्या कोपऱ्यात लिहावं, तेही त्यांना विचारून. संगणकात ‘पुरुष’ निवडताच आपोआप ‘श्री.’ छापून येत असेल तर प्रिंट देण्याआधी बघावं. केसपेपर काढायला लिंगाचा पुरावा लागत नाही. शरीराबद्दल काय विचारायचं ते डॉक्टर, तेही दुखण्याशी संबंध असेल तर, आणि पडद्याआड.

खरी गडबड पुढच्या खिडकीवर होते. पहिल्यानं सांभाळलं, आणि एक्स-रेच्या दारातून कोणीतरी जुनं नाव पुकारलं की सगळं पाण्यात. म्हणून शक्य तिथे सगळ्यांनाच नंबरानं बोलवावं. एकट्या तृतीयपंथी व्यक्तीला नंबर आणि बाकीच्यांना नाव, असं केलं तर ते बोट दाखवल्यासारखंच झालं. वॉर्डबाबतही तेच. कोपऱ्यातली वेगळी खोली देणं म्हणजे आदर असं आपल्याला वाटतं, पण न विचारता दिली तर ते बाजूला काढणंच असतं. आणि सगळेच साडीत दिसतील असंही नाही. पारलिंगी पुरुषही असतात, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष; त्यांना स्त्रीरोग विभागाची गरज पडू शकते, आणि ‘इथे पुरुषांना प्रवेश नाही’ म्हणून दारातूनच परत धाडलं जाऊ शकतं.

एवढं करूनही जीभ घसरेल. तेव्हा एकदाच ‘माफ करा’ म्हणावं, शब्द सुधारावा आणि कामाला लागावं. लांबलचक माफी मागत बसलं की दुखावलेल्या माणसालाच तुमची समजूत काढावी लागते, आणि तीही रांगेसमोर.

कायद्याचं विचाराल, तर आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या निकालात मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 3 नं आरोग्यसेवा आणि सार्वजनिक सेवांमध्ये भेदभावाला मनाई केली, आणि कलम 11 नं प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या कार्यालयात तो कोण आहे, हे खिडकीवर बसणाऱ्याला ठाऊक हवं. पण कायदा पाठ असलेले लोकही ‘ए, इकडे ये’ म्हणताना मी ऐकले आहेत.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, “रजिस्टरमध्ये फोन नंबर आहे. आधी एकदा येऊन गेलेली आहे ती. फोन करून माफी मागू का?”

“तो नंबर कशासाठी दिला होता?”

“उपचारासाठी.”

“आणि फोन कोणासाठी करायचाय?”

ते ओशाळले. “माझ्यासाठी.” नंबर वापरला नाही. काही चुकांची भरपाई त्याच माणसापाशी करता येत नाही, हे मान्य करणं जड जातं. त्यांनी ते केलं.

आता त्यांच्या खिडकीत कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. ‘हाक मारायचं नाव वेगळं असल्यास लिहून द्या’, अशी पाटी त्यांनी स्वतः लावली आहे. घरी लाडकं नाव वेगळं असलेल्या आज्याही ती चिठ्ठी भरतात म्हणे. एक्स-रेच्या दारात अजून नावंच पुकारतात; त्यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला आहे. हाताला फडकं बांधलेली ती व्यक्ती मात्र पुन्हा आलेली नाही.