इंग्रजी शंका-समाधान : ‘डिड’ आला की ‘वेन्ट’ कुठे जातो?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे. क्रियापदांची तिन्ही रूपं तिला तोंडपाठ आहेत. तरी नकारार्थी वाक्यात ‘ही डिडन्ट वेन्ट’ आणि प्रश्नात ‘व्हेअर ही वेन्ट?’ असं लिहिते. कसं समजावू?
– एक पालक, बार्शी

उत्तर : रूपं पाठ असूनही ती चुकते, कारण अडचण रूपांची नाहीच. ‘तो गेला’ला आपण नुसतं ‘नाही’ जोडतो, ‘गेला’ तसाच राहतो. प्रश्न करताना ‘कुठे’ घातलं की काम झालं. तीच सवय ती इंग्रजीत नेते. इंग्रजीत नकाराला आणि प्रश्नाला सहायक क्रियापद लागतं, आणि काळाची खूण त्या एकावरच बसते. ‘ही वेन्ट’मध्ये सहायक नाही, म्हणून ‘डू’ आणायचं. भूतकाळ त्याने घेतला, त्याचं ‘डिड’ झालं. ‘वेन्ट’ पुन्हा मूळ रूपात, म्हणजे ‘गो’. ‘ही गोज’चा प्रश्नही असाच होतो : ‘डज ही गो?’ शेवटचा ‘ईएस’ ‘डू’कडे गेला, तो ‘गो’ला परत लावायचा नाही.

वहीत तिच्याकडून तीन ओळी लिहून घ्या. पहिली : ‘ही वेन्ट टु पुणे.’ दुसरी, क्रियापद फोडून : ‘ही डिड गो टु पुणे.’ तिसऱ्या ओळीत ‘डिड’पुढे ‘नॉट’ घातलं की नकार, ‘डिड’ कर्त्याच्या आधी नेलं की प्रश्न. विचारायचं असेल ‘कुठे’, तर ‘टु पुणे’ काढून ‘व्हेअर’ सगळ्यांत पुढे : ‘व्हेअर डिड ही गो?’ मधली ओळ गाळू देऊ नका, चूक तिथेच सापडते. एरवी असं वाक्य जोर देण्यासाठी वापरतात, हेही तिला सांगून ठेवा.

वाक्यात इज, वॉज, कॅन, विल असेल तर ‘डू’ नको, तेच पुढे येतं : ‘वॉज ही ॲट होम?’ ‘हू’ स्वतःच कर्ता असेल तरी ‘डिड’ नको : ‘हू ब्रोक द ग्लास?’ आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, तर रचना साध्या वाक्याचीच राहते : ‘आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट.’ म्हणजे मुलीने लिहिलेले ते तीन शब्द इथे अगदी बरोबर आहेत. नियम घोकलेली मुलं नेमकी इथेच ‘डिड’ घुसवतात.

प्रश्न : ‘ॲन आवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. असं का?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. ‘आवर’मधला ‘एच’ मुका आहे, शब्द स्वराने सुरू होतो. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने सुरू होतो. म्हणूनच ‘ॲन एमएलए’ आणि ‘अ वन-रुपी कॉइन’. उच्चार तपासायचा तो लगेच पुढे येणाऱ्या शब्दाचा, नामाचा नव्हे : ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’, ‘अ बुक’, पण ‘ॲन ओल्ड बुक’.