वाचक विचारतात: पवनचक्की आणि माळावरचे पक्षी

प्रश्न: साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचा घुमारा ऐकला. तिथल्या पक्ष्यांना एकमेकांची साद ऐकू येते का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: ताई, येते, पण सगळ्यांची सारखी नाही. पात्यांचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला. चंडोल उंच उडत गातो ती शीळ वरच्या पट्टीतली, म्हणून ती बरीचशी निभावते. पंचाईत होते घुमणाऱ्या पक्ष्यांची. अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ माळावर प्रेअरी चिकन या तितराच्या जातकुळीतल्या पक्ष्याचा नर साधारण ३०० हर्ट्‌झला, म्हणजे खालच्याच पट्टीत घुमतो. पवनचक्क्यांच्या हजार मीटरच्या आत हे नर जास्त मोठ्याने घुमताना आढळले. गोंगाटात आवाज चढवणं पक्ष्यांना जमतं. आमच्या घोडबंदर रोडच्या रहदारीत दयाळही गातोच. पण ती साद मादीपर्यंत कितपत पोचते, याची मला जास्त काळजी वाटते.

चाळकेवाडीत शिकारी पक्षी पवनचक्क्यांजवळ जवळपास चौपट कमी आणि सरडे जास्त, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. तो आवाजाबद्दलचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. पुन्हा गेलात तर पाती फिरताना आणि थांबलेली असताना, एकाच जागेवरून मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि मला जरूर पाठवा.