ज्वारी खाणारीला कोण सांगणार?

अगं,

तुझा मेल वाचला आणि आधी चिडलेच. संशोधन की गावोगावचे कार्यक्रम, एक काय ते सांगा, म्हणतेस. गाईड म्हणतात, आधी पीएचडी, मग समाजसेवा. सही त्यांची लागणार आहे, भांडू नकोस. पण ही समाजसेवा आहे हे डोक्यातून काढ. ज्वारीतलं फायटेट नावाचं द्रव्य लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, मोड आणले की ते कमी होतं, हे तू मोजतेस. मग ज्वारी खाणारीला ते कोण सांगणार? सांगितल्याशिवाय काम पुरं होत नाही.

कमला सोहोनींची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक असणार. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, वर्षभर अटींवर राहिल्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या पेशींच्या श्वसनातल्या प्रथिनावर. भाषणांत टाळ्या इथेच पडतात. मला पुढच्या कमलाबाई जास्त आवडतात. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण दिल्ली, कुन्नूर करत मुंबईला आली आणि नीरा, कडधान्यं तपासत बसली. तेवढ्यावर थांबली नाही. ग्राहक चळवळीत शिरली, घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची ते बायकांना दाखवलं. केंब्रिजची डॉक्टरीण! कुणी म्हणावं त्यांना समाजसेविका.

एकदा बचत गटापुढे मी मुद्दाम पीठ कालवलेल्या दुधात आयोडीनचे थेंब टाकले. रंग येईना. थेंब टाकलेलं ते गरम दूध तसंच बाजूला ठेवलं होतं, ते निवलं आणि निळंशार झालं. मागून एक बाई म्हणाली, "मगा का नाही झालं?" स्टार्चच्या गुंडाळीत आयोडीन अडकलं की निळा रंग येतो, गरम असताना गुंडाळी सैल असते. इतका नेमका प्रश्न मला सेमिनारमध्ये क्वचितच कुणी विचारलाय. म्हणून सांगते, सांगितल्याशिवाय काम पुरं होत नाही. ते तुला स्वतःलाही पुरतं कळलेलं नसतं.

फुकट नाही पडत हे. माझं एक काम अर्धवट राहिलं आणि दुसरीकडे आधी छापून आलं. ते अजून सलतं. बढतीच्या वेळी 'किरकोळ लिखाण' म्हणून माझे मराठी लेख बाजूला सारले. पेपर जमत नाहीत म्हणून ही भाषणं ठोकते, असंही मागून ऐकलंय. बोलोत. माझे लेख वाचून कुणी डाळ तपासली असेल तर ती माझ्या खात्यात धरायची की नाही? मी धरते.

पण याची ढाल करून थीसिस लांबवलास तर माझ्याकडे येऊ नकोस. आठवडाभर लॅब, शनिवारी शाळा. आणि या रविवारी तुझ्या कामावर एक पान मराठीत लिही, आजीला वाचून दाखव. ती जिथे अडेल तिथे मला फोन करायचा नाही. आधी प्रयोगवही उघडायची.